हेलिपॅडच्या गावात येळवस

नांदेड, अर्धापूर

सांगलीच्या माणसाने मराठवाड्यात जाऊन पाण्याबद्दल बोलू नये, एवढं शहाणपण माझ्याकडे होतं. आमच्याकडे पाणी घरात शिरतं, आणि लातूरला एका उन्हाळ्यात ते आमच्याच मिरजेहून रेल्वेने न्यावं लागलं होतं. म्हणून मी धुराबद्दल बोलायला गेलो.

मी ग्रंथपाल होतो. कृष्णेच्या पुरात आमच्या ग्रंथालयाचे खालचे तीन कप्पे बुडाले. ओल्या पुस्तकांचा लगदा फावड्याने उचलताना माणसाला हवामानाच्या प्रश्नात रस निर्माण होतो, व्याख्यानांची गरज पडत नाही. निवृत्तीनंतर मी या विषयावर वाचत गेलो आणि वाचणाऱ्यांची सगळ्यात वाईट खोड मलाही लागली. मी पत्रक लिहिलं. शीर्षक होतं, ‘हरितगृह वायूंच्या उत्सर्जनात त्वरित कपात : मतदारांचे कर्तव्य’. हजार प्रती छापल्या आणि दोन पिशव्यांत भरून नांदेडला उतरलो.

न्यायला प्रमिलाताई आल्या होत्या. त्या माझ्या दिवंगत पत्नीच्या डी.एड.च्या मैत्रीण, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या आणि आवाजावरून अजून शाळेतच असलेल्या. निवडणुका तोंडावर आल्या होत्या. आचारसंहिता लागायच्या आत नांदेड आणि लातूर या दोन जिल्ह्यांत जमेल तेवढं फिरून त्या मतदारांना एकच गोष्ट सांगत होत्या. मत मागायला येईल त्याला विचारा, कोळशाची वीज कमी करून उन्हाची वीज आणायला तू काय करणार, आणि किती लवकर? लेखी दे म्हणावं. प्रत्येक ठिकाणी त्यांचं शेवटचं वाक्य ठरलेलं होतं, “आणि घाई करा.”

स्टेशनबाहेर आम्ही सुशीला खाल्ली. सुशीला म्हणजे भिजवलेल्या मुरमुऱ्यांना कांदा, मिरची, दाण्याचा कूट घालून दिलेली फोडणी. आम्ही मुरमुऱ्यांचं भडंग करणारी माणसं. मुरमुरे भिजले की आमच्याकडे ते टाकून देतात. दुसरी बशी मागताना मी हे मत मागे घेतलं.

शहरातून बाहेर पडताना दोन्ही बाजूंना फ्लेक्स होते आणि त्यांवरच्या प्रत्येकाच्या नावामागे ‘भावी’ होतं. भावी सदस्य, भावी सभापती. एक गृहस्थ तर भावी मार्गदर्शक होते. सगळ्यांचे हात जोडलेले आणि नजर रस्त्यापलीकडच्या दुसऱ्या भावीवर.

अर्धापुरात दिगंबरराव नावाच्या शेतकऱ्याच्या केळीच्या बागेत दहाबारा जण जमले होते. मी पत्रकं वाटली. दिगंबररावांनी शीर्षक बोट फिरवत मोठ्याने वाचलं, कागद उलटा करून मागे सही-शिक्का आहे का पाहिलं आणि अदबीने विचारलं, “सर, हे कोर्टाचं हाय का?”

नंतर प्रमिलाताई बोलल्या. मागच्या उन्हाळ्यात पानं कशी करपली, वादळात उभी बाग कशी आडवी झाली, हे त्यांनी सांगितलं नाही, विचारलं. माणसं आपणहून बोलू लागली.

“मॅडम, पर धूर काढला अमेरिकेनं, चीननं,” दिगंबरराव म्हणाले. “अन् केळी माझ्या काहून जळून राहिल्या?”

“खरंय. पण चीनमध्ये तुमचं मत आहे का?”

“न्हाई.”

“मग जिथं आहे तिथं वापरा. रात्री पाणी द्यायला कोण उठतं?”

“मीच की. दिवसाची लाईन कुठं हाय आमाला?”

“उन्हाची वीज दिवसाच येते, दिगंबरराव. धूर बी कमी, झोप बी पुरी.”

हे गणित त्यांना माझ्या चार पानांपेक्षा लवकर समजलं. बागेत फिरताना त्यांनी मला घडाच्या भाराने वाकलेल्या झाडांना बांबूचे टेकू दिलेले दाखवले. मी विचारलं, वारं सुटल्यावर टेकू देतात का? त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती मी ग्रंथालयात ‘ते लाल पुस्तक आहे का’ विचारणाऱ्यांसाठी राखून ठेवत असे.

“वारं सुटल्यावर टेकू द्यायला गेला तर घड डोक्यात पडंल, सर. टेकू आधीच द्यायचा ऱ्हातो.”

मी पत्रकाच्या पाठीमागे हे वाक्य लिहून घेतलं. त्या कागदाचा तेवढा उपयोग झाला.

मुखेड, उदगीर

मुखेडच्या पुढे बस माळावर लागली तेव्हा प्रमिलाताईंनी मला खरी अडचण सांगितली. उदगीर तालुक्यातल्या त्यांच्या माहेरच्या गावात दोन दिवसांनी ग्रामसभा होती. शेतीला दिवसा वीज मिळावी म्हणून गावाजवळ सौर प्रकल्प यायचा होता आणि त्यासाठी गायरानातली, म्हणजे सरकारी चराऊ रानातली, दहा एकर जागा गावाने ठरवून द्यायची होती. ठराव झाला तर आसपासच्या सात गावांच्या शेतीच्या मोटारी उन्हावर चालणार होत्या. तालुक्यातला पहिलाच प्रकल्प. ताई गेलं वर्षभर त्यासाठी कागद घेऊन हेलपाटे घालत होत्या.

“मग चांगलंच आहे की,” मी म्हणालो.

“गायरानाचे दोन भाग आहेत, सर. वरचा माळ आणि खालची पट्टी. सरपंचांनी ठरावात खालची पट्टी घातलीय. तिथं तीन घरं चाळीस वर्षं शेती करतात. दगड वेचून वेचून रान केलंय. सातबारा नाही, म्हणून कागदावर ते अतिक्रमण. त्यातलं एक शेत माझ्या भावाचं आहे. गौतमचं.”

“आणि वरच्या माळावर काय आहे?”

“हेलिपॅड.”

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. पण ते खरंच होतं. कुठल्याशा निवडणुकीत एका मोठ्या नेत्याची सभा ठरली, माळ सपाट केला, मुरूम दाबला, मधोमध गोल काढून चुन्याने इंग्रजी अक्षर रंगवलं. नेते आले नाहीत. हेलिपॅड मात्र राहिलं. पंचक्रोशीत दुसऱ्या कुठल्याही गावाला हेलिपॅड नव्हतं आणि सोयरीक जमवताना ते सांगितलं जात असे. साहेब पुढच्या खेपेला नक्की येणार, असं गाव दर निवडणुकीला धरून चालत होतं.

“दोन जिल्ह्यांत मी सांगत फिरते, घाई करा,” ताई म्हणाल्या. “आणि गौतमच्या बांधावर उभी राहिले की मला म्हणावंसं वाटतं, जरा थांबा. सांगा, कोणती प्रमिला खरी?”

मी पत्रक आठवून पाहिलं, तिथे ‘बाधित घटकांचे पुनर्वसन’ अशी अर्धी ओळ होती.

दुसऱ्या दिवशी उदगिरात माझी जाहीर सभा होती. तारीख मी सांगलीत बसून ठरवली होती. कॅलेंडरात अमावस्या होती, म्हणजे लग्न नाही, मुहूर्त नाही, लोक मोकळे, असा माझा हिशेब. सकाळी दहाला आम्ही सभागृहात पोचलो. दीडशे खुर्च्या होत्या, समई होती, हार होते, मागे माझं नाव असलेला पडदा होता. माणूस एकच होता, वॉचमन, आणि तोही चप्पल घालून निघायच्या तयारीत.

बाहेर बाजारपेठ बंद. धान्याच्या अडती बंद, चहाचे गाडे बंद, मोंढ्याच्या बाजार-आवारात एक गाढव. मी विचारलं, दंगल झाली का?

“आज येळवस हाय, सर,” वॉचमन म्हणाला. “समदं उदगीर शेतात हाय. तुमी बी जावा. हितं कोन बी येत न्हाई.” आणि मी समईकडे बघतोय असं पाहून त्याने धीर दिला, “तेल मी काढून ठिवतो.”

वेळ अमावस्या. लातूरकडे या दिवशी गावंच्या गावं शेतात जेवायला जातात, दुकानदार आणि डॉक्टरसुद्धा. ज्याला शेत नाही त्याला शेत असलेले ओढून नेतात. हे या भागातल्या शेंबड्या पोराला ठाऊक असतं. मी ताईंकडे वळलो.

“तुम्हाला माहीत होतं?”

“माझा जन्म इथला.”

“मग ‘तारीख बदला’ असं का म्हणाला नाहीत?”

“बदलली असतीत,” त्या शांतपणे म्हणाल्या, “आणि येळवशीला माझ्या भावाच्या शेतात आला नसता. चला, रिक्षा उभी आहे.”

गायरान

गौतमचं शेत म्हणजे उताराची अडीच एकर पट्टी. बांधावर वेचलेल्या दगडांची कमरेएवढी भिंत होती. चाळीस वर्षांचा सातबारा बघायचा असेल तर तो तिथे रचून ठेवलेला होता. आत हरभरा घाट्यांवर आलेला, पलीकडे ज्वारी. मधोमध कडब्याच्या पेंढ्यांची खोपटीसारखी कोप उभी केली होती.

“जय भीम, सर. या. आक्का, उशीर केलीस,” गौतम म्हणाला. पन्नाशीचा, बारीक, हसला की बहिणीसारखा दिसणारा. इतर शेतांत कोपीत पाच पांडवांचे चुना लावलेले दगड पुजतात. त्याच्या कोपीत दगड नव्हते, फक्त जेवणाची भांडी होती.

“पूजा न्हाई करीत आमी,” त्याने खुलासा केला. “पर भज्जी सोडत न्हाई. भज्जीनं काय वाकडं केलंय?”

भज्जी म्हणजे भजी नव्हेत. हरभरा, तूर, वाटाणा, वाल, चुका आणि रानात जे जे हिरवं असेल ते सगळं डाळीच्या पिठात शिजवलेलं. सोबत बाजरीचे उकडलेले गोल उंडे, गव्हाची खीर, आणि बिंदग्यातून, म्हणजे मडक्यातून, ओतलेली लसणाची थंड आंबील. गौतमची बायको कमलबाई वाढत होत्या आणि ‘पुरे’ हा शब्द त्यांना ऐकू येत नव्हता. मी तिसऱ्या उंड्याला हात आडवा धरला तर त्यांनी तो हातावरच ठेवला.

“सांगलीला जेवत न्हाईत का माणसं?”

“जेवतात, पण उठता येईल इतपत.”

“मग बसा की. उठून कुठं जायचंय? तुमची सभा तर मोडली.”

ही बातमी माझ्याआधी शेतात पोचली होती.

जेवताना मी पाहिलं, आजूबाजूच्या शेतांतून माणसं एकमेकांकडे जात-येत होती. हाका मारत होती, ओढून नेत होती. खालच्या पट्टीकडे कोणी वळत नव्हतं. मी गौतमला कारण विचारलं.

“कागदावर हे शेतच न्हाई, सर. नसलेल्या शेतात जेवायला कोन येईल?” तो हसून म्हणाला. कागदाशिवाय दुसरंही एक कारण असावं. ते मला त्याच्या ‘जय भीम’मध्येच ऐकू आलं होतं.

मग ताई मला म्हणाल्या, “सर, सरपंचांना बोलवून आणा.”

“मी? मला ते ओळखत नाहीत.”

“म्हणूनच. मी बोलावलं तर राजकारण होईल. सांगलीहून आलेल्या पाहुण्याला येळवशीच्या दिवशी नाही म्हणता येत नाही.”

सरपंच व्यंकटराव तीन शेतं पलीकडे आपल्या कोपीसमोर बसले होते. भारदस्त माणूस, पांढरा सदरा, बोटात खड्याच्या अंगठ्या. मला त्यांनी आधी खाली बसवलं आणि माझ्यापुढे भज्जी ठेवली. ती खाल्ल्याशिवाय बोलणंच सुरू होत नव्हतं. खाल्ली. मग मी निमंत्रण दिलं. त्यांनी सोबतच्या माणसांकडे पाहिलं, मग दूर गायरानाकडे.

“गौतमाच्या रानात?”

“मी तिथे पाहुणा आहे. मला आत्ता तुम्ही जेवू घातलंत. फेड करायला माझ्याकडे दुसरं शेत नाही.”

ते उठले. मोटारसायकलवर मागे बसून मी सरपंचांना घेऊन गायरानात आलो. त्या दिवसातलं माझं एवढंच कर्तृत्व.

ते आधी उभेच राहिले. कमलबाईंनी घोंगडी झटकली आणि म्हणाल्या, “बसा, मामा. घोंगडीला सातबारा लागत न्हाई.” मागोमाग आलेला त्यांचा माणूस हसला, मग व्यंकटरावही हसले आणि बसले. भज्जीचा घास घेऊन त्यांनी विचारलं, “हरभरा हितलाच?”

“हितलाच,” गौतम म्हणाला.

“पाणी?”

“टिपाडानं आणून देतो. मोटार कुठली आमाला.”

व्यंकटरावांनी दगडांच्या भिंतीकडे बराच वेळ पाहिलं. ठरावाबद्दल कोणी अवाक्षर काढलं नाही. मी काढणार होतो, पण ताईंनी माझ्या पानात खीर वाढली.

दिवस मावळताना गौतमने वाळल्या कडब्याची पेंढी पेटवली आणि ती उंच धरून पिकाभोवती फेरी मारली. इथे तशी रीत आहे. आसपासच्या सगळ्या शेतांतून तसेच जाळ फिरत होते. धापा टाकत तो माझ्याजवळ आला.

“सर, ह्यो धूर बी तुमच्या कागदात मोजला का?”

मी सांगितलं की पुढच्या आवृत्तीत याला सूट देऊ.

ग्रामसभा

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेच्या पटांगणात ग्रामसभा भरली. ग्रामसेवकांनी ठराव वाचला, जसा लिहिला होता तसाच, खालच्या पट्टीसकट. गौतम मागे उभा होता, हाताची घडी घालून. गाव ‘मंजूर’ म्हणणार, इतक्यात प्रमिलाताई उठल्या.

“मी इथली मतदार नाही. माहेरवाशीण म्हणून दोन मिनिटं द्या.”

मिळाली. त्यांनी भाषण केलं नाही. एवढंच म्हणाल्या, “हा प्रकल्प झालाच पाहिजे आणि लवकर झाला पाहिजे. तीन वर्षांत दोनदा तुमचं सोयाबीन पाण्यात गेलं, एकदा वाळून गेलं. उशीर परवडणारा नाही. माझ्या भावाचं रान त्यात जाणार असेल, तरी मी विरोधात बोलणार नाही. फक्त एक विचारते. ज्या रानात पिकतं ते झाकायचं आणि ज्यावर काहीच होत नाही ते राखायचं, हे कशासाठी?”

त्या बसल्या. आपल्या भावाचं रान त्यांनी पणाला लावलं, हे सगळ्यांना कळलं होतं. गौतमने मान खाली घातली.

“हेलिपॅड गावाची शान हाय,” मागून कोणीतरी म्हणालं.

तेव्हा मारुती कोतवाल उठला. साठीचा, काटकुळा. दर निवडणुकीला हेलिपॅडवर चुना मारायचं काम त्याच्याकडे.

“म्या सांगतो शान. आतापतूर हेलिकॉप्टर एकदाच उतरलंय. म्या बादली घिऊन हुबा हुतो. आत कोन बी साहेब नव्हता. पायलट खाली उतरला अन् मला इचारला, ‘काका, हे कुठलं गाव?’ म्या सांगितलं. त्यो म्हणला, ‘मग चुकलो.’ अन् गेला.”

अख्खं पटांगण हसलं. व्यंकटराव हसू दाबत होते आणि त्यांना ते जमत नव्हतं. ही हकीकत गावाने इतकी वर्षं स्वतःपासूनच लपवून ठेवली होती, असं दिसलं.

“पण साहेब खरंच आले तर?” एका म्हाताऱ्याला मनापासून काळजी होती. “उतरतील कुठं?”

“उतरू द्या माझ्या रानात,” बायकांच्या घोळक्यातून कमलबाई म्हणाल्या. “पर येळवशीलाच या म्हणावं. भज्जी खाऊन जातील. सरपंच मामाला इचारा, कशी झालती ते.”

सगळ्यांनी सरपंचांकडे पाहिलं. व्यंकटराव अंगठी फिरवत उठले. त्यांच्यासाठी ते सोपं नव्हतं. माळ सपाट करवून घेताना पहिलं फावडं त्यांच्या वडिलांनी मारलं होतं, हे मला नंतर कळलं.

“भज्जी चांगली झालती,” ते म्हणाले. मग ग्रामसेवकांकडे वळून, “खालची पट्टी खोडा. वरचा माळ लिवा. अन् आणखी एक लिवा. मत मागायला येणाऱ्या परतेकानं हितं येऊन सांगायचं, ह्यो प्रकल्प किती दिसांत चालू करून देनार. कोळशाची वीज कमी करायला पुढं काय करनार ते बी. तारखेसकट. सांगनार न्हाई त्याला गावात सभा न्हाई.”

हात वर झाले. मी मोजले नाहीत, खाली राहिलेले मोजणं सोपं होतं. गौतमचा हात सगळ्यात उशिरा वर आला, कारण तो डोळे पुसत होता.

परतीची बस

ठराव म्हणजे वीज नव्हे, हे मला कळतं. गाव आणि उन्हाच्या मध्ये अजून चार कचेऱ्या आहेत आणि कचेऱ्यांमध्ये सावली दाट असते. गौतमला सातबाराही मिळालेला नाही. पण परतल्यापासून मी जुनं पत्रक वाटणं बंद केलं आहे. नवं एका पानाचं आहे. त्यात अर्धापूरचा टेकू आहे, व्यंकटरावांची अट आहे, आणि तुम्हाला एकच विनंती आहे. तुमच्या दारात हात जोडून कोणी भावी उभा राहील तेव्हा त्याला तारीख विचारा. बरा माणूस असेल तर सांगेल. नसेल तर निदान तुमच्या दारातून लवकर जाईल.

निघताना बस माळाजवळून गेली. रस्त्याला लागून एक माणूस वाकलेला दिसला. मारुती कोतवाल होता. या निवडणुकीसाठी आणलेला चुना बादलीत कालवून तो हेलिपॅडच्या त्या मोठ्या अक्षरावरूनच दोरी लावून सरळ आडव्या रेघा मारत होता. ड्रायव्हर ओळखीचा होता, त्याने बस थांबवली.

“मारुतीराव, हे काय?” मी खिडकीतून विचारलं.

“सोलरच्या प्लेटीच्या रांगा,” तो म्हणाला. “मोजणीवाले आले की शोधत बसायला नगं.”

“अहो, अजून मंजुरी नाही, काही नाही. घाई कशाला?”

त्याने कंबर सरळ केली आणि चुन्याने पांढरा झालेला हात कपाळावर धरून माझ्याकडे पाहिलं.

“आता घ्या. दोन दिस झालं तुमीच सांगून राहिले ना, घाई करा म्हून?”

आणि तो पुढच्या रेघेला वाकला.